मस्कोकाची जुनी बोटघरं पाण्यावरून कशी पाहावीत

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, टोरंटोच्या उत्तरेला, वाहतूक मोकळी असेल तर गाडीनं दोन-अडीच तासांवर मस्कोकाची तळी आहेत. मस्कोका, रोसो आणि जोसेफ ही तीन मोठी तळी एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्यांच्या काठांवर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बांधलेली उन्हाळी घरं आणि बोटघरं, म्हणजे बोटी ठेवायला पाण्यावर बांधलेल्या इमारती, आहेत. ही घरं पाहायची म्हणून पुष्कळ लोक गाडी घेऊन काठाकाठानं फिरतात आणि निराश होऊन परततात. रस्त्यावरून दिसतात ती फाटकं, पाइनची दाट झाडी, टपालपेट्या आणि ‘खाजगी मालमत्ता’ असे फलक. फार तर एखाद्या घराची मागची बाजू दिसते, तीही गाड्या उभ्या करायच्या जागेपलीकडे.

याचं कारण साधं आहे. ही घरं बांधली गेली तेव्हा इथे धड रस्तेच नव्हते. माणसं, ट्रंका, पियानो, बर्फ, किराणा, टपाल, सगळं आगबोटीनं यायचं. त्यामुळे घराचं पुढचं दार, व्हरांडा, जिना आणि सगळी सजावट पाण्याच्या बाजूला झाली, आणि बोटघर हाच घराचा दिंडीदरवाजा ठरला. म्हणून ही वास्तुकला पाहायची तर पाण्यावर उतरायलाच हवं, आणि तेही सावकाश. नेमकं कसं, कधी, कुठल्या बोटीतून आणि काय पाहायचं, ते पुढे क्रमानं सांगतो.

निघण्याआधी थोडा इतिहास वाचून ठेवा

चार-पाच तारखा डोक्यात असल्या की काठावरची घरं आपोआप वयाप्रमाणे वेगळी दिसायला लागतात. १८६६ साली ए. पी. कॉकबर्न यांनी ‘वेनोना’ नावाची पहिली आगबोट मस्कोकाच्या पाण्यात आणली. १८६८ साली ओंटारिओ सरकारनं वसाहतीसाठी फुकट जमीन देण्याचा कायदा केला. शेतकरी आले, पण खाली सगळा ग्रॅनाइटचा खडक आणि वर मातीचा पातळ थर, त्यामुळे शेतीनं अनेकांची निराशा केली. १८७१ साली पोर्ट कार्लिंगचं मोठं लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं दारबंद कुंड, सुरू झालं आणि आगबोटींना मस्कोका तळ्यातून वरच्या रोसो तळ्यात जाता यायला लागलं. १८७५ साली रेल्वे ग्रेव्हनहर्स्टला पोचली. तिथून पुढे शहरातला माणूस गाडीतून उतरून थेट आगबोटीत चढायचा आणि तळ्याच्या काठावरच्या हॉटेलात किंवा घरात जायचा.

आधी हॉटेलं आली. रोसो गावात प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं १८७०च्या सुमाराला उघडलेलं ‘रोसो हाउस’ हे त्यातलं सुरुवातीचं. ते १८८३ साली जळलं. रोसो तळ्यावरचं अवाढव्य ‘रॉयल मस्कोका’ १९०१ साली उघडलं आणि १९२८ साली जळलं. ‘विंडरमियर हाउस’ १९९६ साली जळलं, पण ते जुन्या रूपाबरहुकूम पुन्हा उभं केलं आणि आजही पाण्यावरून त्याचे दोन मनोरे लांबून ओळखू येतात. आग हा इथल्या इतिहासाचा मोठा भाग आहे. सगळं लाकडाचं, चुली लाकडाच्या, अग्निशमनाची सोय दूर. जी जुनी घरं आणि बोटघरं आज उभी आहेत, ती या सगळ्यातून वाचलेली आहेत, हे पाहताना ध्यानात असू द्यावं.

आणखी एक गोष्ट माहितीफलकांवर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. आजच्या पोर्ट कार्लिंगच्या जागी ओबाजेवानंग नावाचं अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांचं गाव होतं, त्यांची घरं आणि शेतं होती. १८६०च्या दशकात वसाहतवाले आले आणि त्या लोकांना तिथून निघून जावं लागलं. काठावरच्या सुंदर घरांची गोष्ट सांगताना ही सुरुवात गाळली तर ती गोष्ट अर्धीच राहते.

कधी जावं

पर्यटनाचा हंगाम मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुटीपासून ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत धरतात. घरं पाहण्याच्या दृष्टीनं या काळातले आठवडे सारखे नाहीत.

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्या चावून हैराण करतात, आणि पाणी इतकं थंड असतं की त्यात पडणं खरोखर जिवावर बेतू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये बोटघरांची दारं उघडी असतात, जुन्या लाकडी बोटी बाहेर निघतात, कुंड्यांतून फुलं ओसंडत असतात. पण शनिवार-रविवारी पाण्यावर इतकी वर्दळ असते की दुसऱ्यांच्या लाटांनी आपली बोट हेलकावत राहते आणि नजर कुठे ठरत नाही. जमलं तर मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घ्या आणि सकाळी लवकर निघा. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे मला सगळ्यात पसंत आहेत. गर्दी ओसरलेली, पाणी अजून उबदार, हवा स्वच्छ. सप्टेंबरच्या अखेरीपासून मेपलची पानं लाल होतात, ते दृश्य अपूर्वच. मात्र तेव्हा अनेक बोटघरं बंद करून मालक शहरात परतलेले असतात. पानं पाहायची की बोटी, हे आधी ठरवून घ्या.

पहिला दिवस मोठ्या जहाजावर

स्वतः बोट चालवता येत असली तरी पहिला फेरफटका मोठ्या जहाजातूनच करा असा माझा आग्रह आहे. त्यामागे दोन कारणं आहेत. उंच डेकवरून काठाची रचना एकदम लक्षात येते: कुठे बेटं, कुठे अरुंद वाट, कुठली घरं कुठल्या बाजूला तोंड करून आहेत. आणि जहाजावरचा माहिती देणारा माणूस जी नावं-गावं सांगतो ती टिपून घेतली की दुसऱ्या दिवशीचा तुमचा मार्ग तयार होतो.

ग्रेव्हनहर्स्टच्या धक्क्यावरून ‘आरएमएस सेगवन’ निघते. तिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १८८७ साली ती ‘निपिसिंग’ नावानं दोन्ही बाजूंना वल्हीचाकं असलेली आगबोट म्हणून पाण्यात आली. १९२५ साली चाकं काढून, पाण्याखाली फिरणारे पंखे (प्रोपेलर) बसवून, नव्या नावानं पुन्हा सुरू झाली. रस्ते झाले, मोटारी आल्या, आगबोटींचा धंदा बसला आणि १९५८ साली ती थांबली. काही वर्षं ती तरंगतं संग्रहालय होती. मग लोकांनी मेहनतीनं ती दुरुस्त केली आणि १९८१ साली ती पुन्हा प्रवासी घेऊन निघाली. आजही ती वाफेवर चालते. नावातलं ‘आरएमएस’ हे शाही टपाल जहाजाचं चिन्ह आहे, कारण या आगबोटी घराघरांच्या धक्क्यांवर टपाल पोचवत. फेरीत थोडा वेळ खालच्या मजल्यावर जाऊन इंजिन पाहून या, पण बराच वेळ वरच्या डेकवरच काढा.

त्याच धक्क्यावरून ‘वेनोना २’ हे २००२ सालचं, जुन्या घाटाचं पण नवं जहाज सुटतं. तिकीट काढताना कुठलं जहाज यापेक्षा कुठली फेरी हे आधी पाहा. तासाभराच्या छोट्या फेऱ्या मस्कोका तळ्याच्या दक्षिण भागात फिरून परततात. बोमॅरिसजवळच्या ‘मिलियनेअर्स रो’पर्यंत, म्हणजे धनिकांच्या घरांच्या रांगेपर्यंत, जाणारी फेरी लांब असते, आणि आपल्याला तीच हवी. ती रोज नसते, म्हणून मुक्कामाच्या तारखा फेरी पाहून ठरवा. जाहिरातीतल्या भाड्यावर बहुधा १३ टक्के कर वेगळा लागतो, तो हिशोबात धरा.

पोर्ट कार्लिंगहून निघणारी ‘पीअरलेस २’ वेगळ्या वंशाची आहे. ती १९४६ साली ब्रिटिश अमेरिकन ऑइल कंपनीसाठी बांधलेली इंधनवाहू बोट. काठाकाठानं मरीनांना (बोटींच्या तळांना) आणि मोठ्या घरांना पेट्रोल पोचवणं हे तिचं काम होतं. बोटघरांचा सुवर्णकाळ पेट्रोलवर चालणाऱ्या लाँचमुळे आला, हे लक्षात घेतलं तर याच बोटीतून ती घरं पाहण्यात औचित्य आहे. शिवाय ती लहान आहे आणि रोसोच्या बाजूचे काठ दाखवते.

मोठ्या जहाजावर जागा कुठली घ्यायची? पुढच्या टोकाला सगळे धावतात. तिथे वारा सहन होत नाही आणि दोन्ही काठ तिरके दिसतात. मधल्या भागातला कठडा धरा. जाताना एका बाजूला उभे राहिलात तर येतानाही त्याच बाजूला राहा, म्हणजे परतीच्या वाटेवर समोरचा काठ दिसेल.

दुसरा दिवस स्वतःच्या हातात

मोठं जहाज खाडी-खोबणीत शिरत नाही आणि आवडलेल्या घरासमोर थांबत नाही. त्यासाठी भाड्याची बोट घ्यावी लागते. ग्रेव्हनहर्स्ट, पोर्ट कार्लिंग, बाला अशा गावांतल्या मरीनांमध्ये त्या मिळतात. पाच-सहा जण असतील तर पाँटून बोट घ्या. सपाट, स्थिर, आजी-आजोबांना चढायला सोपी, आणि संथ चालते, जे आपल्या कामाला उत्तमच. वेगवान बोट या कामासाठी निरुपयोगी आहे.

कॅनडात इंजिन असलेली कुठलीही बोट चालवायची तर चालवता येत असल्याचा पुरावा जवळ लागतो. तिथले रहिवासी त्यासाठी परीक्षा देऊन ‘प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड’ काढतात. ते नसेल तर भाड्यानं देणारे बोट आणि परिसराची माहिती देऊन एक सुरक्षा-यादी तुमच्याकडून भरून घेतात. दोघांच्या सह्यांची ही यादी त्या भाड्याच्या काळापुरती पुरावा म्हणून चालते. ही दहा-पंधरा मिनिटं उरकून टाकायची म्हणून सही करू नका. रिव्हर्स कसा टाकायचा, इंजिन बंद पडलं तर काय, मार्गात खडक कुठे आहेत, हे तिथेच विचारून घ्या.

निघण्यापूर्वी बोटीत काय आहे ते स्वतः पाहा: प्रत्येक माणसाच्या मापाचं लाइफ जॅकेट (मुलांची वेगळी मागून घ्या), किमान पंधरा मीटरची तरंगती फेकदोरी, शिट्टी, बॅटरी, पाणी उपसायचं भांडं, नांगर आणि दोर. बोटीवर आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढा. बोट चालू असताना अशा उघड्या बोटीत कुणीही, अगदी प्रवाशांनीही, दारू घ्यायची नाही. कायदा तसा आहे आणि पोलिसांच्या बोटी फिरत असतात.

नकाशा कागदी घ्या. कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्याचा ६०२१ क्रमांकाचा नकाशा मस्कोका तळ्याचा आहे आणि ६०२२ रोसो-जोसेफचा. फोनवर नेव्हिगेशन चालतं, पण काही खाड्यांत सिग्नल जातो आणि उन्हात पडदा दिसत नाही. इथलं तळ ग्रॅनाइटचं आहे. वाळूत रुतलेली बोट ढकलून निघते, ग्रॅनाइटवर आपटलेल्या बोटीचा पंखा मोडतो आणि अनामत रक्कम जाते. प्रवाहाच्या वरच्या दिशेनं जाताना लाल बोया (पाण्यात तरंगणारी मार्गखूण) उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला ठेवायचा, परतताना उलट. मात्र तळ्यात वरची दिशा कुठली हे नुसतं पाहून कळत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर नकाशा पाहूनच ठरवा.

मार्ग

एकाच दिवसात तिन्ही तळी उरकण्याचा मोह टाळा. दिवसाला एक काठ पुरे.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं मस्कोका तळ्यातला बोमॅरिसचा परिसर निवडावा. टॉन्डर्न बेट आणि त्याच्या आसपासचा हा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे पोलाद आणि बँकिंगमधले धनिक उन्हाळा काढायला यायचे. त्यामुळे ‘लिटल पिट्सबर्ग’ असंही या जागेला म्हणत. जुनी, मोठी आणि नीट जपलेली बोटघरं इतकी जवळजवळ दुसरीकडे क्वचितच सापडतील. इथली वाट अरुंद आहे, म्हणून सकाळी नऊच्या आत पोचा.

दुसरा मार्ग पोर्ट कार्लिंगहून रोसो तळ्यात. विंडरमियरच्या काठानं वर जा, हॉटेलच्या समोरून काठाचं एकत्रित दृश्य पाहा, आणि वेळ असेल तर उत्तरेला रोसो गावाजवळच्या शॅडो नदीच्या मुखापर्यंत जा. निवांत सकाळी तिथे झाडांचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं की आगबोटींच्या काळातही पर्यटक मुद्दाम ते पाहायला यायचे.

तिसरा मार्ग पोर्ट सँडफील्डच्या कालव्यातून जोसेफ तळ्यात. रोसो आणि जोसेफची पातळी एकच असल्यामुळे इथे लॉक नाही, नुसता खोदलेला कालवा आणि त्यावर फिरता पूल. जोसेफचं पाणी सगळ्यात निर्मळ आहे, पण तिथे नव्या प्रचंड घरांचा भरणा जास्त. जुनं-नवं शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर हा काठ उपयोगाचा.

बोटघर कसं वाचावं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बोटघर नेहमी खालून वर पाहत जावं, कारण ते बांधलंही तसंच जातं.

पाण्याच्या रेषेपासून सुरुवात करा. जुन्या बोटघराचा पाया म्हणजे ओंडक्यांचे मोठे चौकोनी पिंजरे, आत दगड भरलेले. पारंपरिक पद्धत अशी की हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावरच पिंजरा रचायचा, दगड भरायचे आणि वसंतात बर्फ वितळलं की तो आपल्या जागी तळाशी जाऊन बसतो. पाण्याखालचं लाकूड हवा न लागल्यानं वर्षानुवर्षं टिकतं. कुजतं ते पाण्याच्या रेषेवरचं, जे कधी ओलं कधी कोरडं होतं. म्हणून जुन्या पिंजऱ्यात वरचे एक-दोन थर नव्या लाकडाचे आणि खालचे काळपट जुने, असं दिसतं. इमारतीच्या जुनेपणाची याहून भरवशाची खूण नाही. पिंजऱ्याऐवजी पोलादी नळ्यांचे खांब दिसले तर पाया अलीकडचा आहे, वरचं काम कितीही जुन्या धाटणीचं असो.

बर्फ हा बोटघराचा मुख्य शत्रू. गोठलेलं पाणी पिंजऱ्याला पकडतं, आणि पातळी वर-खाली झाली की बर्फासोबत अख्खी इमारत उचलली जाते. त्यावर उपाय म्हणून मालक हिवाळ्यात पाण्याखाली हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या नळ्या किंवा पंखे लावतात, म्हणजे खालचं कोमट पाणी वर येऊन भोवती बर्फ धरत नाही. आता छपराची वरची कड पाहा. सरळ रेषेत आहे की मध्ये वाकलीय? किंचित वाकलेली कड म्हणजे कधीतरी एक कोपरा बर्फानं उचलला होता. २०१३ आणि २०१९च्या वसंतातल्या पुरांनीही इथे पुष्कळ नुकसान केलं. दारांच्या खालच्या भागात पाण्याचा डाग किंवा बदललेल्या फळ्या दिसल्या तर त्या पुरांची आठवण ठेवा.

मग दारं मोजा आणि त्यांची रुंदी पाहा. प्रत्येक दाराआड एक गाळा, प्रत्येक गाळ्यात एक बोट. अरुंद आणि खूप खोल गाळा हा लांब, निमुळत्या लाँचसाठी बांधलेला असतो. अशा लाँच ग्रेव्हनहर्स्टच्या डिचबर्न, ब्रेसब्रिजच्या मिनेट-शील्ड्स, पोर्ट कार्लिंगच्या ड्यूक अशा इथल्याच कारखान्यांत तयार होत. सगळ्यांपेक्षा उंच आणि लांब गाळा दिसला तर तिथे कधीकाळी वाफेची खाजगी नौका असण्याची शक्यता आहे. तशा नौकांपैकी टोरंटोतल्या ईटन दुकानांच्या मालक घराण्यासाठी १९१५ साली बांधलेली ‘वांडा ३’ आजही मस्कोकात आहे. ती पाहिली की या उंच दारांचं माप समजतं. रुंद आणि बसकं दार, विशेषतः वर गुंडाळलं जाणारं, आजच्या रुंद बोटींसाठी असतं. एकाच बोटघरात दोन अरुंद आणि एक रुंद दार असेल तर तिसरं मागाहून जोडलेलं असण्याचा संभव मोठा.

दार उघडं असेल तर आत पाहा. छताला लाकडी तुळयांना टांगलेले रुंद पट्टे दिसतील. हिवाळ्यापूर्वी बोट त्या पट्ट्यांवर उचलून पाण्याबाहेर ठेवतात. वसंतात पाण्यात सोडली की सुकून आकसलेल्या फळ्या पुन्हा फुगतात आणि फटी बंद होतात, तोवर बोट गळत राहते. या लाकडी बोटी जपायला किती चिकाटी लागते, हे त्या पट्ट्यांवरून उमगतं.

आता वरचा मजला. सुरुवातीची बोटघरं एकमजली होती, वल्ह्याच्या बोटी आणि कनू ठेवण्यापुरती. मोटरलाँच आल्यावर ती वाढली आणि वर खोल्या आल्या. कुठे बोट सांभाळणाऱ्या माणसाची खोली, कुठे घरातल्या तरुण मुलांची, कुठे नाचगाण्यासाठी एक सलग दालन. लहान लहान अनेक खिडक्या असतील तर आत झोपायच्या खोल्या. एकच लांब ओळ आणि पुढे रुंद सज्जा असेल तर दालन. जुन्या खिडक्यांच्या काचा छोट्या छोट्या चौकटींत असतात आणि उन्हात प्रत्येक काच थोडी वेगळी चमकते. अख्खी भिंत एका काचेची असेल तर ती आजची. वरचा मजला बांधायला आता काठाच्या रुंदीप्रमाणे निर्बंध आहेत, त्यामुळे जुन्या दुमजली बोटघरांची किंमत मालकांनाही चांगली ठाऊक असते.

भिंती बहुतेक सीडरच्या लाकडाच्या पातळ खापऱ्यांच्या किंवा फळ्यांच्या. गडद तपकिरी, गडद हिरवा, चौकटी पांढऱ्या, हा जुना रंगमेळ. झाडीत मिसळून जाणारा हा गडदपणा मला नव्या पांढऱ्याशुभ्र इमारतींपेक्षा कितीतरी शहाणा वाटतो.

मुख्य घर बोटघराच्या मागे, उंचावर, बरंचसं झाडीत असतं. तिथे व्हरांडा शोधा, तो घराच्या किती बाजूंना फिरलाय ते पाहा, आणि खाली धक्क्यापर्यंत येणारी दगडी पायवाट पाहा. तेवढं पुरतं.

अंतर, लाटा आणि फोटो

ओंटारिओत किनाऱ्यापासून तीस मीटरच्या आत ताशी दहा किलोमीटरपेक्षा जास्त वेग चालत नाही. हा किमान नियम झाला. तुमच्या बोटीची लाट बोटघरात शिरली की आतली महागडी लाकडी बोट गाळ्याच्या भिंतीवर आपटते, म्हणून तीस मीटरच्या बाहेरही इंजिन जेमतेम चालू ठेवा. कुणाच्या धक्क्याला बोट लावायची नाही, उतरायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही. माणसं व्हरांड्यात बसलेली असतील तर कॅमेरा खाली ठेवा, हात हलवा आणि पुढे चला. समोरून हात हलतोच. इथली ती रीत आहे. आवडलेल्या घरासमोर एकदा थांबलात तर मिनिट-दोन मिनिटांत निघा.

फोटोसाठी पश्चिमेकडे तोंड असलेली बोटघरं संध्याकाळी घ्या आणि पूर्वेकडची सकाळी. ऊन तिरपं आणि समोरून आलं तरच ते उघड्या दारातून आत शिरतं आणि आतल्या बोटीचं लाकूड उजळतं. दुपारी आत नुसता काळोख. हलत्या बोटीत शटरचा वेग जास्त ठेवा. पाण्यावरची चकाकी मारण्यासाठी भिंगावर लावायचा पोलरायझर फिल्टर उपयोगी आहे, पण प्रतिबिंब हवं असेल तेव्हा तो काढून ठेवा.

मोठं जहाज येताना दिसलं तर वाट सोडून बाजूला व्हा. त्याला चटकन वळता येत नाही.

लॉक ओलांडताना

पोर्ट कार्लिंगचं लॉक पाहून नवखे चालक घाबरतात. दोन्ही तळ्यांच्या पातळीतला फरक थोडाच आहे, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. मोठ्या लॉकशेजारी १९२१ सालचं लहान लॉक आहे. कर्मचाऱ्याच्या खुणेची वाट पाहा, हळू आत शिरा, बोटीच्या दोन्ही बाजूंना संरक्षक गोळे आधीच टांगून ठेवा, इंजिन बंद करा. पुढे एक आणि मागे एक माणूस भिंतीवरचा दोर धरून ठेवील, पण दोर बोटीला पक्का बांधायचा नाही, कारण पाणी हलेल तशी बोटही वर-खाली व्हायला हवी. शनिवारी दुपारी इथे रांग लागते. तो वेळ तासभर धरूनच परतीचं नियोजन करा.

वारा सुटला किंवा पाऊस आला तर

दुपारनंतर मोठ्या तळ्यावर वारा वाढला तर बेटांच्या आडोशानं परत फिरा. मध्यातून सरळ कापत जाऊ नका. गडगडाट ऐकू आला की जवळच्या सार्वजनिक धक्क्याला लागा.

असा दिवस जमिनीवर चांगला जातो. ग्रेव्हनहर्स्टच्या धक्क्यावरच्या मस्कोका डिस्कव्हरी सेंटरमध्ये ‘ग्रेस अँड स्पीड’ हे बोटघर आहे, जिथे जुन्या लाकडी बोटी प्रत्यक्ष पाण्यात तरंगत ठेवल्या आहेत. तळ्यावर दुरून पाहिलेली गोष्ट इथे हातभर अंतरावर येते: फळ्यांचे सांधे, पितळी फिटिंग, व्हार्निशचे थर. पोर्ट कार्लिंगला लॉकच्या शेजारी मस्कोका लेक्स संग्रहालय आहे. खडकावर आपटलं की पंखा आपोआप बोटीच्या पोटात वर सरकणारी ‘डिसअपिअरिंग प्रोपेलर’ बोट याच गावात १९१०च्या दशकात तयार व्हायला लागली. या खडकाळ तळ्यांसाठी इतकी नेमकी युक्ती दुसरी नाही. दुसरं काही पाहिलं नाही तरी ती पाहा.

आणि मराठी माणसानं ग्रेव्हनहर्स्टमधलं आणखी एक घर चुकवू नये. ते तळ्याकाठी नाही, गावात आहे. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा जन्म १८९० साली त्या घरात झाला, आणि आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९३९ साली बेथ्यून वारले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी उचलली आणि पुढच्याच वर्षी तेही तिथेच गेले. घर साधंसुधं आहे, पाहायला तासभर पुरतो. उघडण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून जा.

पाऊस थांबला तर त्याच संध्याकाळी पुन्हा धक्क्यावर जा. पावसानंतर वारा पडतो, पाणी सपाट होतं आणि भिजलेल्या सीडरचा रंग गडद होतो. अंधार पडायच्या आत दीड-दोन तासांची जवळची फेरी मारून परतता येईल, एवढं इंधन सकाळीच भरून ठेवलेलं असावं.